प्लग मी लावला होता

वाल्येवो,
१६ जानेवारी २०२०, गुरुवार

कूम स्वेतिस्लाव,

ख्रिस्त जन्मला. जुन्या कॅलेंडरचा आपला नाताळ सात तारखेला होऊन अजून दहा दिवस झालेले नाहीत, म्हणून हे म्हणणं भाग आहे. मनापासून म्हटलंय असा गैरसमज करून घेऊ नकोस. 'खरोखर जन्मला' हे उत्तर तुझ्याकडून येईल अशी आशाही नाही. आम्ही ठीक आहोत. देसांकाचा गुडघा थंडीत दुखतो, बाकी काही नवीन नाही. तुमच्याकडे काय नवीन ते साऱ्या गावाला कळलंय, कारण काल पुलाजवळच्या खानावळीत उभा राहून तू ते सगळ्यांना सांगितलंस.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ओरडतोस, मध्येच तोडतोस, आणि मला माझं म्हणणं शेवटपर्यंत सांगायचं आहे. म्हणून पत्र. देसांका ते ल्युबिन्काच्या हातात देईल. आपण लग्नातले कूम, मानलेले भाऊ, बोलत नाही; आपल्या बायका अजून एकमेकींशी बोलतात. तेवढी अक्कल निदान त्यांना आहे.

आता मुद्द्याचं. प्लग मी लावला होता.

शनिवारी काय झालं ते तुला पुन्हा सांगतो, कारण तुझी आठवण फार सोयीची आहे. तळघरात लोणच्याची पिंपं हलवून तू सिनेमाची खोली केलीस. ऑस्ट्रियात लिन्झला ट्रक चालवताना एकेक करून जमवलेला माल आणलास: रिसीव्हर एका दुकानातला, स्पीकर दुसऱ्या दुकानातले, माईक कुठला ते देवाला माहीत. वीस तारखेला स्लावाला, तुझ्या कुळाच्या संताच्या सणाला, पाहुणे आले की त्यांना खाली नेऊन मिरवायचं, हा तुझा बेत. त्याला माझी ना नाही. ज्याचं तळघर त्याची हौस. पण मी पोचलो तेव्हा स्पीकर जुळवायला माईकने आवाजाचं माप घेण्यासाठी तू तीन दिवस त्या यंत्राशी झटापट करून थकला होतास आणि यंत्राच्या पडद्यावर एकच वाक्य होतं: माईकची पातळी कमी. का कमी होती? कारण तू माईक हेडफोनच्या भोकात खुपसला होतास. काढून बरोबर जागी लावला तो मीच. आणि तो ठेवला होतास कुठे, तर चामड्याच्या खुर्चीच्या पाठीवर, टेकून. माणसाचा कान खुर्चीच्या पाठीत असतो का? मी घरून तिपाई आणली, कानाच्या उंचीवर माईक उभा केला. हे खानावळीत सांगितलंस का?

मग यंत्र म्हणालं, सबवूफरची पातळी जास्त. त्याची कळ तू पूर्ण फिरवून ठेवली होतीस, जणू शेजाऱ्यांशी भांडायचं होतं. ती अर्ध्यावर मी आणली.

मग यंत्र म्हणालं, आजूबाजूला आवाज फार. आता हा आवाज कुठला हे शोधायलाही मीच. बॉयलरचा पंप बंद केला. वरचा फ्रिज ल्युबिन्काने बंद केला. तरी तेच. शेवटी भिंतीपलीकडे बॉयलरच्या खोलीत तुझा तो बाबा आदमच्या काळातला डीप फ्रीझर सापडला. त्याच्यात डिसेंबरात कापलेलं अख्खं डुक्कर, दोन कोकरं आणि कोबीच्या पानांत गुंडाळायच्या सारम्याचा खिमा. मी तुला विचारलं, "काढू का प्लग?" तू म्हणालास, "अर्ध्या तासाने काही मरत नाही, ते आधीच मेलेलं आहे." हे तुझे शब्द. यावर तूच पहिला हसलास.

मी प्लग काढला, यंत्राने एकेका स्पीकरमधून आपली शिट्टी वाजवली, आठ जागी माईक हलवून माप पूर्ण झालं. आणि काम संपल्यावर मी प्लग परत लावला. माझ्या या दोन हातांनी. मंगळवारी, सर्बियन नवीन वर्षाच्या दिवशी, ल्युबिन्काने झाकण उघडलं आणि वासाने मागे सरली, हे ऐकून मलाही वाईट वाटलं. बॉयलरची खोली ती, तिथे हिवाळा कसला. पण तुझा फ्रीझर आपण होऊन मेला असेल तर त्याचा जाब मी का द्यायचा? तो आपल्या लग्नांपेक्षा जुना आहे.

ल्युबिन्का म्हणते, तू जिन्यावरून दोनदा विचारलंस, "फ्रीझर लावलास का?" आणि मी काहीच बोललो नाही. तू काही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी उत्तर दिलं नसतं का? मी काय तुझ्या दारचा उंबरठा आहे, की पाय दिला तरी गप्प?

आणि डाव्या स्पीकरबद्दल. तुझं म्हणणं, आता सिनेमातली सगळी माणसं डाव्या भिंतीतून बोंबलतात. बरोबर आहे, कारण डावा स्पीकर मी मुद्दाम सहा डेसिबलने वर नेला. माप झाल्यावर मी मधल्या खुर्चीत बसलो आणि डावी बाजू मेल्यासारखी वाजत होती. तारा तपासल्या. दोन्ही स्पीकर एकमेकांच्या जागी ठेवून पाहिले. माप तीनदा परत घेतलं. यंत्र तिन्ही वेळा म्हणालं, दोन्ही सारखे. तेव्हाच मी तुला सांगितलं की हा माईक या रिसीव्हरचा नाही, दुसऱ्याच कुठल्या पेटीतला आहे, तो खोटं सांगतोय. तू म्हणालास, "नाचता येईना अंगण वाकडं." सव्वीस वर्षं मी संस्कृतिभवनात सिनेमा चालवायच्या कोठडीत होतो, कूम. पाचशे माणसांच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या म्हातारीला संवाद कळत नाही हे मी कोठडीत बसून ओळखायचो. यंत्र काय सांगतं ते तू मला शिकवू नकोस. माझे कान आधी आणि यंत्र मग.

आता खानावळीतल्या गोष्टीकडे येतो. तिकडे यायचं टाळत होतो हे खरं. तू वीसेक माणसांसमोर म्हणालास, "माझ्या कूमला कान आहेत की टोपी अडकवायच्या खुंट्या?" सगळे हसले. मी दारात होतो. तुझी पाठ होती, तू पाहिलं नाहीस. मांस सडलं तर ते पुरता येतं. पण माझ्या पोटावर तू पाय दिलास. या गावात ज्याला घरी सिनेमाचा पडदा लावायचा आहे, लग्नात माईक हवा आहे, तो मला का बोलावतो? माझ्या कानांसाठी. दुसरं माझ्याकडे आहे काय?

आणि त्यानंतर तू म्हणालास, वीस तारखेला त्याचा पाय माझ्या उंबऱ्यात नको.

स्वेतिस्लाव, स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. कुळाच्या संताचा दिवस, दार उघडं, ज्याला यायचं तो येतो. तुझ्या बापाने कधी कुणाला बोलावलं नाही आणि कधी कुणाला नको म्हटलं नाही. त्याच्या घराशी कोर्टात भांडत असलेला शेजारीसुद्धा त्या दिवशी येऊन सारमे खाऊन जायचा. आणि तुझा संत कोण? संत योहान, जो कूमपणाची शपथ राखतो. माझ्या लग्नात तू माझ्या बाजूला उभा राहिलास, तुझ्या लग्नात मी. माझ्या मुलीचं नाव तू ठेवलंस. एकतीस वर्षं तुझ्या घरचा सणाचा पाव फिरवताना एका बाजूला तुझे हात असतात, दुसऱ्या बाजूला माझे. तो पाव या वर्षी कुणाबरोबर फिरवणार आहेस? तुझ्या रिसीव्हरबरोबर?

माईक दुकानात परत कर किंवा कोलुबारा नदीत फेक. तो बिघडलेला आहे. माझ्यात काही बिघाड नाही.

रादिवोये

---

वाल्येवो,
१९ जानेवारी २०२०, रविवार

कूम,

आज नदीवर पाण्याचा सण झाला. देसांका बाटली भरून तीर्थ घेऊन आली, त्यातला एक घोट मला जबरदस्तीने पाजला. त्याने राग जातो म्हणे. गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझं उत्तर शुक्रवारी मिळालं. उत्तर कसलं, प्लास्टिकच्या पिशवीत तोच जुना माईक, आणि औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर चार ओळी: "नवा माईक आणला, याच रिसीव्हरच्या पेटीतला. माप घेतलं. आकडे तेच आले. डावा उजव्याएवढाच, फक्त तू वर नेलेला सहा जास्त. जुना माईक चांगला होता. बिघाड कुठे आहे ते शोध." शिवी नाही, काही नाही. तुझ्या शिव्यांची मला सवय आहे. हे वाचून मात्र जेवण गेलं नाही.

मला वाटलं, याने आकडे खोटे लिहिले. मग वाटलं, स्वेतिस्लाव सतरा गोष्टी करेल, पण आकडे खोटे लिहिणार नाही. सीमेवरच्या नाक्यांवर बावीस वर्षं खरे कागद दाखवून जगलेला माणूस तू.

मग मी आमच्या तळघरात गेलो. आमचाही फ्रीझर तिथेच आहे, आणि त्याचाही प्लग लांब तारेच्या एक्स्टेंशन पट्टीत आहे, लाल बटणवाल्या, जशी तुझ्याकडे आहे. मी प्लग काढला. पायाने लाल बटण बंद केलं. मग शनिवारी तुझ्याकडे केलं होतं अगदी तसंच, वाकून प्लग परत पट्टीत खुपसला आणि उभा राहिलो. फ्रीझरकडे माझी डावी बाजू होती. काही ऐकू आलं नाही. मग बटण दाबलं. तरी काही ऐकू आलं नाही. मी वळून उजवी बाजू त्याच्याकडे केली, तर तो बैलासारखा घुरघुरत होता.

मी परत वळलो. शांतता. परत वळलो. घुरघुर. असं किती वेळ केलं ते सांगत नाही.

तेव्हा शनिवारी काय झालं ते आता लिहितो, एकदाच लिहितो, परत विचारू नकोस. प्लग मी लावला होता. ते खरं आहे. पण काढताना पायाने ते लाल बटणही मीच बंद केलं होतं, आणि ते परत दाबलं नाही. दुसरा कुणीही असता तर क्षणभर थांबला असता, मशीन सुरू झाल्याचं ऐकू येत नाही म्हणून खाली पाहिलं असतं. मीही क्षणभर थांबलो होतो. शांत होतं. मला वाटलं, सगळं नेहमीसारखं आहे.

तू जिन्यावरून विचारलंस तेव्हा जिना माझ्या डाव्या हाताला होता.

मी वर आलो आणि स्वयंपाकघरात बसलो. देसांका मिरच्या भाजत होती. मी म्हटलं, "माझ्या डाव्या कानाला काही झालंय का?" तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "तीन वर्षं झाली."

मी म्हटलं, "काय तीन वर्षं झाली?"

"मी पलंगाची बाजू बदलून तीन वर्षं झाली. खिडकीतून वारा लागतो, झोतात मान धरते, असं सांगितलं होतं तुम्हाला. खिडकी तर पलंगापासून लांब, भिंतीच्या पार त्या टोकाला आहे. तुम्ही विश्वास ठेवलात, कारण वाऱ्याच्या झोताने आजार होतो म्हटलं की तुम्ही काहीही मानता. त्या बाजूने बोललं तर तुम्ही उत्तर देत नव्हतात, आणि मला रोज रात्री भिंतीशी बोलायचा कंटाळा आला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. त्या बाजूने सांगितलं असेल."

अशी बायको आहे, कूम. तुझ्या खानावळीतल्या वीस जणांपेक्षा ती एकटी भारी आहे. मला हसूही आलं आणि ताटही भिंतीवर फेकावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

कोठडीत प्रोजेक्टरच्या डावीकडे तपासणीचा स्पीकर असायचा, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. सव्वीस वर्षं रोज दोन खेळ, शनिवारी तीन. मला कुणी सांगितलं नाही की त्याने कानाचं असं होतं. सांगितलं असतं तरी मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. फोनही मी तुला त्यासाठीच केला नाही, तू ओरडतोस म्हणून नाही. फोन मी सवयीने डाव्या हाताने धरतो, आणि गेली दोन वर्षं समोरचा काय म्हणतो ते अर्धं अंदाजाने ठरवतो. आता हात बदलायला शिकलं पाहिजे. येत्या बुधवारची कानाच्या डॉक्टरची वेळ मिळाली आहे. ती देसांकाने मिळवली, मी नाही.

तुझी माफी मागतो असं समजू नकोस. मांसाची मागतो. ते माझ्यामुळे गेलं, आणि ल्युबिन्काला स्लावाच्या तोंडावर नाक दाबून दोन पिंपं भरून मांस पुरावं लागलं, त्याची मला लाज वाटते. तिला तसं सांग. आमचं अर्धं डुक्कर आणि सगळा खिमा देसांका या पत्राबरोबर हातगाडीवर घेऊन येते आहे. परत पाठवू नकोस, हातगाडी उतारावर तिच्या गुडघ्याला झेपत नाही. आणि डावा स्पीकर सहाने खाली घे: सेटिंगमध्ये जा, पातळी, मग डावा पुढचा, आणि शून्यावर आण. बाकी कशाला हात लावू नकोस. माप चांगलं झालं आहे. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं.

पण तू जे केलंस त्याची माफी तू मागायची आहे, आणि ती मी अजून ऐकलेली नाही. माझा कान बिघडलाय हे तुला ठाऊक नव्हतं, हे मानतो. थट्टा म्हणून म्हणालास, हेही मानतो. तरी आपल्या कूमची टोपी भर चौकात उडवायची, आणि मग त्याला संताच्या दिवशी दार बंद करायचं, हे थट्टेत बसत नाही. ते तुझ्या बापाने पाहिलं असतं तर त्याने तुला त्या चामड्याच्या खुर्चीतून उठवलं असतं.

उद्या मी येणार आहे. विचारत नाही, कारण स्लावाला विचारत नसतात. तू दारात उभा राहून मला ढकललंस तर ढकल, पाद्री आणि तीस माणसं पाहतील. नाही ढकललंस तर मी आत येईन, मेणबत्तीला नमस्कार करीन, शिजवलेल्या गव्हाचा चमचा घेईन, आणि पाव आला की माझी बाजू धरीन. मग राकियाचा पहिला पेला झाला की उभा राहून मीच सांगेन की फ्रीझरचं बटण कुणी बंद ठेवलं आणि का. खानावळीत तू अर्धं सांगितलंस. उरलेलं मी सांगतो. त्यानंतर या गावात मला कुणी स्पीकर लावायला बोलावलं नाही तर नाही. बोलावलं तर यंत्र काय म्हणतं ते मी आधी वाचीन.

एकच गोष्ट मागतो. उद्या तू दिवसभर उभा असशील, यजमानाने बसायचं नसतं. मला खिडकीजवळची खुर्ची दे, म्हणजे माझा उजवा कान खोलीकडे येईल. आणि मला काही बोलायचं असेल, शिवी असो की दुसरं काही, तर वाकून त्या बाजूने बोल. डाव्या बाजूने बोललास तर मला पोचणार नाही. मी सवयीने हसून मान हलवीन, आणि सगळ्यांना वाटेल मी तुला माफ केलं.

अजून केलेलं नाही.

तुझा कूम, तू काहीही म्हण,
रादिवोये